कपाटामागची फळी

द्वारकाताई,

तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मुलं आली. त्यांना कुणी काही कळवलंच नव्हतं. लोणावळ्याच्या बाजारातली सात-आठ होती आणि कान्ह्याहून सकाळच्या गाडीने आलेल्या तिघी. दारातल्या गोणपाटावर पाय पुसून आत यायचं हा माझा नियम, आणि तो विसरून आत धावत सुटायचं ही तुमची शिकवण. त्या दिवशी मात्र एकेकाने शहाण्यासारखे पाय पुसले. मला ते अजिबात बरं वाटलं नाही.

"ताई कुटं हायत?" कान्ह्याच्या एकीने विचारलं.

उभा जन्म संग्रहालयातल्या वस्तूंखाली चिठ्ठ्या लिहिण्यात घालवलेला माणूस मी. दगड कसला, कुठे सापडला, हे दोन ओळींत सांगायची सवय. त्या पोरीसमोर मला एक ओळ सुचेना. "ताई आता यायच्या नाहीत," एवढंच म्हणालो. ती कपाटाकडे बघत म्हणाली, "मंग आज काय बगायचं?"

मी कपाट उघडलं आणि इंदुरीला नदीपात्रात सापडलेला तो कान तुटका नंदी माझ्या हाताने काढून जमिनीवर ठेवला. हो, तोच, जो रविवारच्या चित्रकलेच्या वर्गाला द्यायचा नाही म्हणून मी दरवेळी तुमच्याशी भांडायचो. मुलांनी तुमच्या रिवाजाप्रमाणे आधी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, कागद-पेन्सिल बाजूला ठेवून, चांगलं पोटभर. मग सगळी नंदीकडे पाठ करून भिंतीकडे तोंडं वळवून बसली आणि आठवून काढायला लागली. खोलीत फक्त पेन्सिलींची खरखर चालली होती. मी नंदीजवळ उभा राहून रडलो. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या म्हणून बरं.

संग्रहालयाच्या मंडळाने दुखवट्याची सभा घेतली. अध्यक्षांनी तुमच्या जन्मापासून सुरुवात केली आणि दोन तास बोलले. तुम्ही असतात तर खिडकीतून बाहेर बघत, हातातल्या पत्रिकेच्या पाठीवर त्यांचं नाक काढलं असतं. मलाही दोन शब्द बोला म्हणाले. मी घसा बसल्याचं सांगितलं. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, ती सभेत सांगण्याजोगी नव्हती आणि तिचा पुढचा भाग तर तेव्हा घडायचाच होता. तो आता घडून गेला आहे, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आपलं संग्रहालय ते केवढं! एका हौशी डॉक्टरने मागे ठेवलेला चार खोल्यांचा बंगला, वर पत्रा, आत तलवारी, तांब्याची नाणी, मूर्ती, भुसा भरलेले पक्षी आणि लोणावळ्याची ओल. त्या ओलीशी झगडणं हीच माझी नोकरी. तुम्ही मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायचात. एक दिवस छत्री मिटून आत आलात आणि विचारलंत, "इथे मुलं का दिसत नाहीत?"

मी म्हणालो, "ही बघायची जागा आहे, खेळायची नव्हे."

"मग त्यांना बघायला शिकवू या," तुम्ही म्हणालात आणि पुढच्या रविवारी अकरा मुलं घेऊन हजर झालात. मंडळाची परवानगी तुम्ही नंतर काढलीत. तुमचे वडील रेल्वेत गार्ड होते. त्यांच्याकडून मालगाडीच्या वापरलेल्या फॉर्मांचे गठ्ठे आणायचात आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर मुलं चित्रं काढायची. पुढे जर्मनीच्या लढाईत कागद मिळेनासा झाला तेव्हा सगळ्या गावात आपल्या वर्गाला तेवढी टंचाई जाणवली नाही.

वर्षभराने तुमच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. आंदर मावळातली मुलं लोणावळ्याला येणार कशी, तेव्हा वस्तूच पाटीत घालून तिकडे न्यायच्या. मी कपाळाला हात लावला. शेवटी वस्तू जाणार असतील तर मीही येणार, असं बजावून सांगितलं. जणू मी बरोबर असलो की पाटीतली समई पडायची राहणार होती. कान्ह्याला गाडीतून उतरायचं, तिथून नदी ओलांडून चढ चढायचा. पाटी तुमच्या डोक्यावर, मागे मी छत्री घेऊन, दोन्ही हात पुढे करून. वाटेत भेटणारी माणसं थांबून बघायची.

त्या पहिल्या खेपेला वाडीच्या अंगणात वस्तू मांडल्या, तेव्हा एका म्हाताऱ्याने लाकडी अधोली उचलून उलटीपालटी करून पाहिली होती. "ही तर आमच्या घरात बी हाय," तो मला म्हणाला. "भात मोजतो आमी हिनं. तुमी कुलपात कशापायी ठिवता, भाऊ?"

तुम्ही इतक्या हसलात की तुम्हाला खाली बसावं लागलं. परतीच्या वाटेवर मी तुमच्याशी बोलणार नव्हतो, पण तुम्ही कुठल्या गप्प बसायला. "गोविंदराव, तुमच्या चिठ्ठीवर 'जुने धान्यमाप' असं लिहिलंय. ते त्याच्या घरात रोज वापरतात. मग ते जुनं कधी झालं?"

"आम्ही ठेवून दिलं नाही तर उद्या ते कुणाला बघायला मिळणार?" मी म्हणालो.

हे भांडण आपण दहा वर्षं भांडलो. वस्तू ठेवायची की वापरायची. आता माझ्या बाजूने आणखी दोन-तीन चांगले मुद्दे सुचले आहेत, आणि ऐकायला तुम्ही नाही.

हौसा त्याच वाडीतली. दहा-अकरा वर्षांची, शेळ्या बांधून पळत आलेली, आणि सगळ्यांच्या मागे उभी. त्या पुढच्या खेपेला आपण भुसा भरलेला बगळा नेला होता. पोरांनी त्याला पाहून घेतलं, पाठी फिरवल्या, चित्रं काढली. हौसाने पेन्सिल हातात धरलीच नाही. घरात गेली, वाटीत तांदळाचं पीठ कालवून आणलं, एक काडी दाताने चावून तिचं टोक मऊ केलं आणि उंबऱ्याजवळ भिंतीच्या गेरूने सारवलेल्या पट्ट्यासमोर बसकण मारून चित्र काढायला लागली. पुढे डोक्यावर पाटी घेतलेली बाई, मागे छत्रीवाला माणूस, पाटी आता पडते की मग पडते म्हणून दोन्ही हात पुढे केलेले. अख्खी वाडी हसली. मी हसलो नाही असं दाखवलं, पण तुम्हाला कळलं होतं.

तिची आजी मात्र हसली नव्हती. आसपासच्या वाड्यांतून लग्न निघालं की भिंत लिहायला त्याच म्हातारीला बोलावत. त्यांच्याकडे लग्नाआधी घराच्या भिंतीवर पिठाने चित्र लिहितात आणि लग्न उरकलं, की पुढच्या सणाला ते सारवून टाकतात. म्हातारी नातीला म्हणाली, "लगीन न्हाई, कार्य न्हाई, आन् भितीला पीठ लावती व्हय? देवाला काय सांगशील?"

मला धक्का बसला होता तो वेगळाच. "सारवून टाकतात?" मी वाटेत तुम्हाला विचारलं. "एवढं सुंदर काम?"

"लग्न झालं, चित्राचं काम झालं."

"मग ठेवायचं काय मागे?"

"हात ठेवायचा, गोविंदराव. म्हातारीचा हात हौसात आलाय, दिसलं नाही का तुम्हाला?"

मला तेव्हा ते नुसतं बोलायचं बोलणं वाटलं.

मग ते प्रदर्शन आलं. दसऱ्यानंतर मुलांची चित्रं मांडायचं ठरलं, पुण्याहून एक मोठे चित्रकार पाहायला येणार होते. हौसाला तुमच्या घरी ठेवून घ्यायचं, शाळेत घालायचं, पुढे शिकवायचं, हे तुम्ही तिच्या बापाशी बोलून ठेवलं होतं. तो अर्धामुर्धा तयार झाला होता. पाहुणे चित्र पाहून दोन शब्द बोलले असते तर पुराच तयार झाला असता. तबेल्याच्या जुन्या दाराची फळी तुम्ही शोधून काढलीत, माती-शेणाने लिंपून गेरूने सारवलीत आणि हौसा तीन रविवार बापाबरोबर येऊन आपल्या मागच्या पडवीत ती लिहीत बसली. भाताची झोडपणी होती त्यात. शेळ्या होत्या, नदी होती, कान्ह्याचं स्टेशन होतं, आणि कोपऱ्यात पुन्हा पाटीवाली बाई आणि छत्रीवाला. मी कामाचं निमित्त काढून तिथे घुटमळायचो. ती काडी टेकवायची, तेव्हा भिजलेलं पीठ धड दिसायचंसुद्धा नाही. मी वाकून बघू लागलो की म्हणायची, "वाळू द्या, आबा. मंग दिसंल." आणि खरंच, थोड्या वेळाने गेरूतून पांढऱ्या रेघा वर यायच्या. दरवेळी मला त्याची गंमत वाटे.

प्रदर्शनाच्या आदल्या शनिवारी दुपारी मी एकटाच होतो. फळीवर बोट फिरवलं तर बोटाला पांढरी पूड आली. कोपऱ्यात बुरशीचे ठिपके धरायला लागले होते. मी तलवारींच्या लाकडी म्यानांना व्हार्निश लावत होतो. बाटली उघडीच होती, कुंचला हातात.

ताई, आजपर्यंत मी स्वतःशीही हे चांगल्या भाषेत सांगत आलो, की चित्र वाचावं म्हणून मी ते केलं. ते खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं असं, की सोमवारी प्रदर्शनात तुम्ही म्हणाल, गोविंदराव, तुम्हालाही माझ्या मुलांची किंमत आहे म्हणायची. तुमच्या तोंडून एवढं ऐकायची मला फार हौस होती. तुम्हाला विचारावंसं मला वाटलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात.

कुंचला फिरला तसं पांढरं दिसेनासं झालं. मी घाबरलो नाही. ओलं आहे म्हणून दिसत नाही, वाळलं की वर येईल. तीन रविवार हेच तर पाहिलं होतं. वाळू द्या, आबा, मंग दिसंल. त्या पोरीचंच वाक्य मनात घोळवत मी सगळी फळी रंगवली, दुसरा हातही दिला, कुलूप लावलं आणि घरी जाऊन नीट जेवलो.

रविवारी सकाळी येऊन पाहतो तर फळी एखाद्या नव्या कपाटासारखी तांबडी, गुळगुळीत, चकचकीत झालेली. जिथे माझा हात कमी पडला होता तिथे शेळीचे दोन पाय होते, नदीचा एक तुकडा होता. बाकी काही नव्हतं. पिठात व्हार्निश मुरलं, पीठ काचेसारखं झालं आणि त्यातून नुसता गेरू दिसायला लागला. हे मी नंतर पुस्तकात वाचलं. संग्रहपालाने आधी वाचायला हवं होतं.

मी तिथे उभा असतानाच तुम्ही आलात, तुमच्यामागे हौसा आणि तिचा बाप. तुम्ही फळी पाहिलीत. मग वास घेतलात आणि माझ्या हातांकडे पाहिलंत. बोटांवर व्हार्निश वाळून पिवळं झालं होतं. मी तोंड उघडत होतो. खरंच उघडत होतो का, की आता तसं वाटतं, कोण जाणे. तुम्ही मला ते उघडू दिलं नाहीत.

"हौसा, माझ्याकडून चूक झाली गं," तुम्ही म्हणालात. "चित्र टिकावं म्हणून मी वरून काहीतरी लावायला गेले आणि सगळं गेलं. मला माफ कर."

पोर फळीकडे बघत राहिली. मग तुमच्याकडे पाहिलं, बराच वेळ, जसं तुम्ही बघायला शिकवलं होतं तसं. माझ्याकडे नाही पाहिलं. बाप म्हणाला, "आसू द्या, ताई. तुमी काय मुद्दाम केलंय व्हय?" ती दोघं तशीच माघारी गेली. आपण खायला दिलेला शिरा तिथेच राहिला.

तुम्ही माझ्यावर पांघरूण का घातलंत, हे मी कधी विचारलं नाही. मंडळ आधीच माझ्यावर खार खाऊन होतं, घरात चार लहान मुलं होती, नोकरी गेली असती, हे तुम्हाला ठाऊक होतं. मी गप्प राहिलो. त्या दिवशी गप्प राहिलो, दुसऱ्या दिवशी राहिलो, मग गप्प राहायची सवय झाली. पाहुणे आले, बाकीच्या मुलांची चित्रं पाहून खूश होऊन गेले. ती फळी मी मोठ्या कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवली.

हौसा पुन्हा आली नाही. तुम्ही दोनदा वाडीवर गेलात. एकदा ती शेळ्यांमागे डोंगरात होती, एकदा घरात असून बाहेर आली नाही. दुसऱ्या खेपेहून आलात तेव्हा छत्री उघडीच कोपऱ्यात ठेवलीत. "ती माझ्यावर रुसलीय," तुम्ही म्हणालात. मग एकदाच, फक्त एकदाच, मला म्हणालात, "गोविंदराव, सवड होईल तेव्हा तिला खरं सांगून या. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी. तिला वाटतंय, जिने हात धरला तिनेच पुसलं."

"जातो," मी म्हणालो.

आठ वर्षं झाली त्याला. दर हिवाळ्यात जाईन म्हणत होतो. आधी धाकट्याचा गोवर आला, मग लढाई आली, मग तिचं लग्न झाल्याचं कळलं तेव्हा वाटलं, आता कशाला खपली काढायची. कारणं मला कधीच कमी पडली नाहीत. या सगळ्या काळात तुम्ही मला टोचून बोलला नाहीत. टोचून बोलला असतात तर मी चिडून तरी गेलो असतो!

तुमच्या शेवटच्या तापात मी दोनदा भेटायला आलो, दोन्ही वेळा हे बोलायचं ठरवून. पहिल्यांदा नंदीच्या तुटक्या कानाबद्दल बोललो. दुसऱ्यांदा तुम्हीच विचारलंत, "ती फळी आहे ना अजून?"

"आहे."

"मग झालं," असं म्हणून तुम्ही डोळे मिटलेत. मी पांघरुणाची घडी नीट करत बसलो आणि घरी आलो. चार दिवसांनी निरोप आला.

तर, तुमचं दिवसकार्य झाल्यावर मी निघालो. कान्ह्याला उतरलो, नदी ओलांडली. चढावर मला दोनदा बसावं लागलं. पुढे पाटीवाली कुणी नव्हती की जिच्या लाजेने चालत राहावं. हौसाला त्याच मावळात वरच्या वाडीत दिलं आहे. खळ्यावर भात झोडत होती, दीड-दोन वर्षांचं पोर बाजूला पेंढ्यात बसलेलं. मला तिने लगेच ओळखलं. "आबा, छत्री तीच हाय?" म्हणाली. मग तुमचं कळल्यावर भाताची पेंढी हातात तशीच धरून खाली बसली आणि रडली. रुसलेलं माणूस असं रडत नाही, ताई.

मी सगळं सांगितलं. फळी मी घालवली, ताईंनी माझ्यासाठी आपल्यावर घेतलं. काही वगळलं नाही. ती ऐकून घेत होती आणि मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "तुमी बी तसंच, आबा."

"तसंच म्हणजे?"

"ताई बी खोटं बोलत व्हत्या. मला तवाच कळलं. ताईंचा हात आसा जायाचा न्हाई कुनाच्या कामावर. मला वाईट वाटू नये म्हून त्यांनी आपल्यावर घ्येतलं. आता त्या गेल्या, म्हून तुमी घ्येताय."

"अगं पण मग चित्र गेलं कशाने?"

"माज्या हातानं," ती म्हणाली. "आजी सांगत व्हती, लगीन न्हाई, कार्य न्हाई, पीठ लावू नगंस. मी लावलं. ज्येचं पांढरं उठत न्हाई त्या हातानं लग्नाची भित लिवायची न्हाई."

तिने आठ वर्षांत काडी धरली नव्हती. आजी गेली, तेव्हापासून त्या वाड्यांतून लग्न निघालं की दोन डोंगर पलीकडून कुणाला तरी बोलावतात. महिनाभरात तिच्या नणंदेचं लग्न आहे, त्यालाही बाहेरचीच बाई येणार होती. घरात हौसा असताना.

आणि ताई, मला तुमचा राग आला. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण आला. माझं पाप मोठं आहे, ते मी कमी करत नाही. पण तुम्ही इथे चुकलात. तुमचं खोटं इतकं वाईट होतं की एका पोरीला ते पाहताक्षणी कळलं, आणि तिने त्याचा अर्थ स्वतःपुरता लावून घेतला. तुम्ही मला वाचवायला गेलात आणि ओझं जाऊन पडलं तिच्या डोक्यावर. तुम्हाला वाटत राहिलं ती रुसली, तिला वाटत राहिलं आपला हात वाईट, आणि दोघींच्या मध्ये मी, सगळं ठाऊक असलेला, म्यानं पुसत बसलेला. हे भांडण मला तुमच्याशी समोरासमोर करायचं होतं. तुम्ही शेवटी कबूल झाला असतात, मला खात्री आहे.

माझ्या शब्दाला तिथे काही किंमत उरली नव्हती. शहाणी माणसं पोरींना वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलतात, हे ती आपल्याकडूनच शिकली होती. म्हणून मागच्या रविवारी मी पुन्हा गेलो. वर्ग थोरल्या मुलींवर सोपवला आणि पिशवीत ती व्हार्निशची बाटली घेतली. तीच बाटली. त्या दिवसानंतर मी तिला बूच लावलं ते लावलंच होतं. वर जाड साय धरली होती, ती फोडून टर्पेंटाइन घातलं तेव्हा कामापुरतं निघालं.

"मला काही सांगायचं नाही," मी हौसाला म्हणालो. "तू बघ फक्त."

एका फळकुटाला तिने गेरू फासला. पीठ कालवायला मात्र ती तयार होईना. शेवटी तिच्या सासूने कालवलं आणि वाटी तिच्यापुढे सरकवली. "म्हातारा दोनदा चढ चढून आलाय, लिव की वाईच," असं म्हणाली. हौसाने काडी चावली. तिने एक शेळी काढली आणि तिच्याशेजारी दुसरी. उन्हात ठेवल्यावर दोन्ही पांढऱ्या उठून आल्या. सासू माझ्याकडे बघून "हां" म्हणाली, जणू मीच काढल्या होत्या.

मग मी कुंचल्याने पहिल्या शेळीवर व्हार्निश फिरवलं. शेळी गेली.

हौसा पुढे वाकली. "वली हाय," ती म्हणाली. "वाळू द्या."

"देऊ या," मी म्हणालो.

तिने काय केलं असेल, ताई? तुमची विद्यार्थिनी ती. ओंजळीत पाणी घेऊन तिने दुसऱ्या शेळीवर अलगद शिंपडलं. तीही दिसेनाशी झाली. मग दोन्ही उन्हात ठेवून आम्ही बघत बसलो, मी, ती, सासू आणि पेंढ्यातलं पोर. भाकरी आली, कांदा आला. खाऊन होईतो पाण्याची शेळी परत आली, फिकट पण आली. व्हार्निशची आली नाही. ऊन कलेपर्यंत बसलो तरी आली नाही. हौसाने त्या चकचकीत जागेवर बोट ठेवलं, उचललं, बोटाचा वास घेतला. पुन्हा ठेवलं.

"त्या दिवशी पडवीत ह्योच वास व्हता," ती म्हणाली.

"हो."

"तुमच्या हातांना व्हता. मी वळकला न्हाई." मग ती माझ्याकडे बघून ओरडली, "आठ वर्सं, आबा! आठ वर्सं का न्हाई आला?"

गोवर आणि लढाई तिला सांगता येण्यासारखी नव्हती. मी तिच्यासमोर हात जोडले. तिने ते खाली केले नाहीत आणि मला क्षमा केली असंही म्हणाली नाही. पोराला कडेवर घेऊन खळ्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, खालच्या नदीकडे तोंड करून. सासू आत गेली. मी बाटलीचं बूच घट्ट करत बसलो, आधीच घट्ट होतं ते.

परत आली तेव्हा तिने पोराला माझ्या मांडीवर ठेवलं आणि वाटी उचलली. लग्नघराची भिंत सारवून तयारच होती. तिच्यासमोर ती कितीतरी वेळ नुसती उभी होती, हातात काडी आणि डोळे भिंतीवर. मग कोपऱ्यात, खाली, जिथे नवख्या माणसाचं लक्षही जाणार नाही अशा जागी, तिने एक बाई काढली. डोक्यावर पाटी. बाईच्या मागे कुणी नव्हतं. मी वाट पाहिली, पण छत्रीवाला तिने काढला नाही, आणि ते बरोबरच केलं.

"बाकीची परवा लिवीन, सवाष्णी आल्या की," ती म्हणाली. "आन् ऐका, आबा. लगीन झालं की आमी ही भित सारवनार. तवा हितं बसून रडायचं न्हाई."

"नाही रडणार," मी म्हणालो.

परत आल्यावर मी फळी कपाटामागून काढली, तोंड बाहेर करून मोठ्या खोलीत लावली आणि खाली चिठ्ठी लिहिली: हे चित्र हौसाने काढले. ते संग्रहपालाने घालवले. मंडळाला काय म्हणायचं ते म्हणो. लग्न पुढल्या महिन्यात आहे, मला बोलावणं आलंय. जाईन. भिंत सारवतील त्या दिवशीही जाईन. आणि ताई, मी त्या पोरीला शब्द दिलाय खरा, पण पाटीवाल्या बाईवरून तिचा हात फिरेल तेव्हा मी रडणार आहे, हे तुम्हाला आत्ताच खरं सांगून ठेवतो.

तुमचा,
गोविंदराव